अंगणाला आडोसा हवाय? आधी जमीन बघा, मग झाड निवडा

ठाणे : वागळे इस्टेटमधल्या बैठ्या घरांना अंगण मिळतं ते जेमतेम आठ-दहा फुटांचं. त्यात समोर गाळ्याची खिडकी, नाहीतर नवी इमारत. मग नर्सरीत जाऊन 'लवकर वाढणारं काहीतरी द्या' म्हटलं जातं आणि चूक तिथेच होते. लवकर वाढणारं झाड आडोसा देऊन थांबत नाही, वाढतच राहतं.

काय टाळावं

कोनोकार्पस भराभर वाढतो, म्हणून बराच खपतो. पण त्याची मुळं पाइप आणि केबलपर्यंत जातात, परागकणांचा त्रास होतो. याच कारणांनी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. उंबर, पिंपळ, वडाच्या जातीची झाडं तर भिंत फोडतात. सरळ वाढणारा खोटा अशोक अंगाने बारीक असला तरी घरापेक्षा उंच जातो. चाफा सुंदर, पण ऐन कोरड्या दिवसांत पानं टाकतो; तेव्हा आडोसा राहत नाही.

काय लावावं

तगर : सहा ते दहा फूट, बारमाही हिरवी, खालपासून फांद्या. अर्ध्या सावलीत चालते, छाटणी सोसते, पूजेला फुलंही मिळतात. छाटताना चीक निघतो, हात धुवावेत.

कुंती : दाट पानं, पावसाळ्यात सुवासिक फुलं. मात्र अंगणात लिंबू असेल तर लावू नये. लिंबावरची सिला कीड हिच्यावरही पोसते.

कोकम : जागा थोडी जास्त असेल तर. सदाहरित, खाली झुकणाऱ्या फांद्या, पण वाढ सावकाश. बियांच्या रोपांत नर झाडं निघतात, त्यांना फळ नाही. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीचं कलम घ्यावं.

खाडीजवळ असाल तर

वागळे इस्टेट खाडीपासून आत, येऊरच्या डोंगराकडे आहे. इथे खारापेक्षा धूळ आणि भरावाचा मुरूम जास्त नडतो. कोपरी, बाळकुम, कोलशेतकडे खाडीलगत मात्र उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापुद्री दिसली किंवा बोअरचं पाणी खारट लागलं, तर पारोसा भेंडी किंवा कण्हेर निवडावी. भेंडी वेळच्या वेळी छाटावी लागते. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. घरात लहान मूल किंवा शेळी असेल तर ती नकोच.

लावताना

आधी ड्रेनेजचा पाइप आणि पाण्याची टाकी कुठून जाते ते बघावं. भिंतीपासून तीन फूट सोडून दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यावा. भराव काढून लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. तगर, कुंती ओळीत तीन-तीन फुटांवर. पहिल्या पावसानंतर लावावं, पश्चिमेच्या वाऱ्याला काठीचा आधार द्यावा. पाणी साचत असेल तर माती उंचवून लावावं.

आडोसा डोळ्यांच्या उंचीला हवा असतो, आभाळाला नव्हे. आठ फूट पुरतात.

शेवटचं आणि महत्त्वाचं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीचं झाड लावायला दहा मिनिटं पुरतात, काढायला अर्ज आणि हेलपाटे. शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेला तर भांडण वेगळंच. म्हणून विचार खड्डा घेण्याआधी करावा.