इंदापूरची जमाबंदी आणि आकड्यांची साक्ष

पुणें शहराच्या आग्नेयेस, नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधोमध इंदापूर तालुका पसरलेला आहे. सह्याद्रीपासून दूर असल्यामुळें येथें पाऊस थोडा, आणि तोहि बेभरंवशाचा. तरीहि हिंदुस्थानच्या जमीनमहसुलाच्या इतिहासांत या कोरडवाहू तालुक्यास मोठें स्थान आहे. आकडे जमवावे, त्यांवरून कारण आणि कार्य यांचा संबंध ठरवावा, आणि त्या आधारें रयतेवर सारा बसवावा, असे दोन प्रयोग येथें लागोपाठ झाले. त्यांतील पहिला फसला आणि दुसरा टिकला. कां, हा प्रश्न आजच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांसहि उपयोगी आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुणें प्रांत कंपनी सरकारच्या हातीं आला. कांहीं वर्षांनीं रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अंमलदाराकडे मोजणीचें काम सोंपविण्यांत आलें. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्या काळीं कंपनीच्या अंमलदारांत प्रतिष्ठा पावलेला होता. प्रिंगलनें ठरविलें कीं, प्रत्येक प्रतीच्या जमिनींत सरासरीनें किती पीक येतें तें काढावें, त्याची किंमत करावी, तींतून बैल, बीं, मजुरी इत्यादि खर्च वजा करावा, आणि जें निव्वळ उत्पन्न उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे. १८३० च्या सुमारास हे दर इंदापुरांत लागू झाले.

कागदावर ही पद्धति निर्दोष होती. परंतु पीक किती आणि खर्च किती, हे आकडे खालच्या कारकुनांच्या हातून यावयाचे. त्यांत चूक होती, आणि लांचलुचपतहि होती. शिवाय त्याच सुमारास धान्याचे भाव उतरले. सारा वसूल होईना. कित्येक कुटुंबें जमिनी टाकून निजामाच्या मुलखांत गेलीं. सिद्धांत भक्कम, बेरीज-वजाबाकी अचूक, पण मूळचीं मापेंच खोटीं, अशी ही स्थिति झाली.

१८३५ सालीं गोल्डस्मिड हा अंमलदार आणि लेफ्टनंट विंगेट हा इंजिनिअर यांनीं येथेंच फेरमोजणी आरंभिली. त्यांनीं निव्वळ उत्पन्नाचें गणित सोडून दिलें. जमिनीची खोली, रंग, पोत आणि दोष पाहून तिच्या नऊ प्रती लावल्या. मग दर किती असावा, हें ठरविण्यासाठीं मागील वर्षांचा इतिहास तपासला: कोणत्या सालीं आकार किती होता, किती जमीन लागवडीस आली, वसूल किती झाला, सूट किती द्यावी लागली. हवापाणी आणि बाजाराचें अंतरहि लक्षांत घेतलें. हे दर तीस वर्षांसाठीं कायम केले गेले. पडीक जमीन हळूहळू लागवडीखालीं आली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर हीच पद्धति मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरली.

या विचारपद्धतीस शास्त्राचें रूप पुढें आलें. आईबापांच्या व मुलांच्या उंचीची तुलना करतांना फ्रान्सिस गाल्टन यास १८८६ सालीं असें दिसलें कीं, फार उंच आईबापांचीं मुलें सरासरीकडे परततात. या परतीवरून इंग्रजींत त्या गणितास नांव पडलें. मराठींत त्यास समाश्रयण म्हणतात. १८९९ सालीं उडनी यूल यानें इंग्लंडांतील दारिद्र्याच्या प्रश्नास हें गणित लावलें, आणि एका टीपेंत वाचकांस बजावलें कीं, ‘अमुक कारणामुळें’ असें जेथें लिहिलें आहे, तेथें काटेकोरपणें ‘अमुक गोष्टीशीं संबद्ध’ एवढाच अर्थ घ्यावा.

ही टीप इंदापुरास लावून पाहावी. १८३६ नंतर लागवड वाढली ती दर कमी झाल्यामुळें काय? आरंभींच्या वर्षांत भाव मंदच होते, तरी लागवड वाढली. म्हणून विंगेटच्या बाजूची साक्ष बळकट आहे. परंतु १८५० नंतरच्या दशकांत भाव चढूं लागले. त्या वर्षांच्या वाढीचें श्रेय दरास द्यावें कीं भावास? समाश्रयणाचा गुणक सांगतो तें इतकेंच: हिशेबांत घेतलेल्या इतर गोष्टी तशाच राहिल्या, तर एक गोष्ट एका मापानें बदलली असतां दुसरी सरासरीनें किती बदललेली आढळते. जी गोष्ट हिशेबांत घेतलीच नाहीं, तिचें श्रेय किंवा तिचा दोष शेजारच्या गुणकाच्या खातीं जमा होतो.

याहून कठीण उदाहरण १८७५ च्या दंग्यांचें. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ सालीं इंदापुरांत फेरआकारणी झाली व सारा वाढला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें चढलेले कापसाचे भाव तोंवर खालीं येऊं लागले होते. १२ मे १८७५ रोजीं सुपें या बाजारपेठेच्या गांवीं रयतेनें सावकारांवर हल्ला केला. हें गांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें; आज तें बारामती तालुक्यांत मोडतें. पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या.

सारा वाढला म्हणून दंगे झाले, हें उत्तर सहज सुचतें. परंतु नगर जिल्ह्यांत पहिल्या जमाबंदीची मुदत अजून सरली नव्हती. तेथें फेरआकारणी नसतांहि दंगे झाले. सरकारी चौकशी मंडळानें मुख्य भर कर्जबाजारीपणावर दिला. त्याचे एक सभासद ऑकलंड कोल्विन यांनीं मात्र वाढीव साऱ्यास दोष दिला. नगरच्या साक्षीनें साराच एकमेव कारण नव्हता, इतकें सिद्ध होतें. तो निर्दोष होता असें सिद्ध होत नाहीं. शिवाय दंगा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं वणव्याप्रमाणें पसरतो. म्हणून तीस गांवें म्हणजे तीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. पण निर्णय तर घ्यावाच लागला. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांस सावकारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. कारण कोणतें मानलें, यावर कायद्याची दिशा ठरली.

हा वाद संपलेला नाहीं. २००५ सालीं अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर यांनीं, ज्या जिल्ह्यांत इंग्रजी अमलांत जमीनदारी होती आणि ज्यांत ती नव्हती, त्यांची स्वातंत्र्योत्तर शेती समाश्रयणानें ताडून पाहिली. जमीनदारी नसलेल्या जिल्ह्यांत पिकांचें एकूण उत्पन्न सुमारें १६ टक्के अधिक आढळलें. इंदापुरांत घडलेल्या रयतवारीचा हा गौरवच म्हणावा. परंतु २०१३ सालीं इव्हर्सन, पामर-जोन्स व सेन यांनीं दाखविलें कीं, मध्यप्रांतांतील जिल्हे कोणत्या वर्गांत घालावे यावर हा निष्कर्ष फार अवलंबून आहे. त्यांची वर्गवारी बदलली कीं तो टिकत नाहीं. तेथें मालगुजार होते, पण कुळांना संरक्षणहि होतें. प्रिंगलचे कारकून जमिनीची प्रत चुकले. येथें जिल्ह्याच्या प्रतीबद्दल मतभेद झाला.

आजचा अभ्यासक बारामतीच्या कालव्याकांठच्या आणि इंदापूरच्या जिरायत भागांतल्या घरांची पाहणी करून, शिक्षणाचा उत्पन्नाशीं संबंध लावूं पाहील, तर नीरा डाव्या कालव्याचें पाणी त्यानें आधीं हिशेबांत घ्यावें. तसें न केल्यास उंसाची कमाई शाळेच्या नांवावर लिहिली जाईल. आढळलेला फरक केवळ योगायोगाचा असणें संभवत नाहीं, एवढें सिद्ध झाल्यानें तो मोठा ठरत नाहीं. रुपयांत तो किती, हें वेगळें पाहावें लागतें. आणि गांवाच्या सरासरीवरून एका घराची स्थिति सांगतां येत नाहीं. प्रिंगलच्या सरासरींत बसणारा शेतकरी कागदावर सुखी होता. तो निजामाच्या मुलखांत निघून गेल्यावरच सरकारास त्याची खरी स्थिति कळली.