ऊसदराचे नियमन आणि न्यायालयाची मर्यादारेषा

सप्टेंबर १९४८ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजेच आजचा धाराशिव जिल्हा, निजामाच्या अमलाखाली होता. तेथे फर्मान हाच अंतिम शब्द मानला जाई. शासनाची आज्ञा कायद्याच्या शब्दांशी ताडून पाहण्याचा व ती रद्द करण्याचा अधिकार २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेने उच्च न्यायालयास दिला. या अधिकाराचा व्यापारउद्योगाच्या नियमनावर कोणता परिणाम झाला, हे पाहण्यास साखरधंद्यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

अत्यावश्यक वस्तू अधिनियम १९५५ सालचा, आणि त्याखालील ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सालचा. ढोकीचा तेरणा कारखाना असो वा नळदुर्गचा तुळजाभवानी कारखाना, उसाचा किमान दर दोघांसाठीही केंद्र शासनानेच ठरवावयाचा. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे चुकते करावेत, विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे हा आदेश सांगतो. याशिवाय साखरेचा काही हिस्सा लेव्ही म्हणून ठरलेल्या भावाने शासनास द्यावा लागे.

या लेव्हीच्या भावावरून दीर्घकाळ वाद चालले. १९९० साली सीताराम शुगर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भावनिश्चिती हे न्यायालयाचे काम नव्हे, असे सांगून शासनाचा निर्णय कायम ठेवला. तथापि २००८ साली महालक्ष्मी शुगर मिल्सच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शासनास अडविले. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ साली आदेशात घातलेल्या कलम ५-अ प्रमाणे शेतकऱ्यास द्यावयाची अतिरिक्त किंमत शासनाने लेव्हीचा भाव ठरविताना वगळली होती. तशी ती वगळता येणार नाही, असा निर्णय झाला. म्हणजे भाव न्यायालयाने ठरविला नाही. कोणत्या गोष्टी विचारात घेतल्याच पाहिजेत, एवढेच ठरविले.

या निर्णयावर शासनाने २००९ साली कायदा बदलून तोड काढली आणि त्याच वेळी किमान दराच्या जागी ‘रास्त व किफायतशीर दर’ आला. पुढे २०१३ साली लेव्हीही संपुष्टात आली.

हीच मर्यादा पुढे राज्य शासनावर आली, तेव्हा तिचा लाभ मात्र दुसऱ्या पक्षास झाला. २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. उरलेली रक्कम हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा कळल्यावर मिळावयाची. अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेतकऱ्यास, ज्याच्या पीककर्जाची मुदत कारखान्याच्या सोयीसाठी थांबत नाही, त्याला हा विलंब परवडणारा नव्हता. १७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात बदल करण्याचा अधिकार राज्यास नाही, हे त्याचे कारण होय.

२००८ साली कारखानदार जिंकला, २०२५ साली शेतकरी. दोन्ही वेळा न्यायालयाने कोणाची बाजू घेतली, असा प्रश्न विचारणे वस्तुतः अप्रस्तुत ठरते. नियामकाला मिळालेला अधिकार कायद्याच्या शब्दांइतकाच आहे, हेच तत्त्व दोन्ही निर्णयांच्या मुळाशी आहे. मात्र ते शब्द बदलण्याचा अधिकार विधिमंडळाकडे राहतो, हे २००९ सालाने दाखवून दिले. म्हणून आदेशातील ‘१४ दिवस’ या दोन शब्दांचे रक्षण न्यायालय करू शकते. ते शब्द तेथे राहतील की नाही, हे मात्र अखेर लोकप्रतिनिधींवरच अवलंबून राहते.