शाळा आपली, पण कमिटी कोणाची?

दर वर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंना अभिवादन करतो आणि ११ एप्रिलला जोतीरावांना. भाषणांत भिडेवाडा येतो, अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत जाणारी सावित्रीमाई येते, घर सोडावे लागलेले जोतीराव येतात. हे सांगितलेच पाहिजे. पण काही प्रश्न या भाषणांत क्वचितच विचारले जातात. त्या शाळांचा महिन्याचा खर्च कोण भागवत होते? जमाखर्चाची वही कोणाच्या हातात होती? काय शिकवायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता? आणि ज्या जोतीरावांनी या शाळा काढल्या, तेच पुढे त्यांतून बाहेर का पडले?

हे प्रश्न कोरडे वाटतात. पण बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास जितका वर्गात घडला, तितकाच तो कमिटीच्या बैठकीत आणि हिशेबाच्या वहीत घडला, असे आमचे म्हणणे आहे. शाळा सुरू करायला एका माणसाची हिंमत पुरते. ती शाळा पन्नास वर्षांनी कोणाची असेल, हे मात्र कमिटी आणि तिजोरी ठरवते. फुल्यांच्या शाळांपासून बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीपर्यंतचा प्रवास आम्हाला याच अंगाने वाचायचा आहे.

उसना वाडा, वर्गणी आणि दक्षिणा

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. जागा फुल्यांच्या मालकीची नव्हती आणि मागे कुठला फंडही नव्हता. शिकवणारे पती-पत्नी स्वतः. मुले-मुली शाळेत याव्यात म्हणून वस्तीत फिरणारे लहुजी वस्ताद साळवे यांच्यासारखे लोक पाठीशी होते. पण वस्तीकडे पैसा नव्हता. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंना घराबाहेर पडावे लागले. ज्यांच्या डोक्यावरचे छप्परच गेले, त्यांची शाळा किती काळ टिकणार? काम मध्ये खंडित झाले.

१८५१ च्या जुलैमध्ये बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा उभी राहिली. पाठोपाठ रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत शाळा निघाल्या. या वेळी मागे एक कमिटी होती. शहरातली शिकलेली, वजनदार मंडळी तीत होती आणि त्यांतले बहुतेक ब्राह्मण होते. महार-मांग व इतर जातींच्या शिक्षणासाठीही एक मंडळी स्थापन झाली. वर्गणी देणाऱ्यांत सुधारक होते, इंग्रज अधिकारी होते. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा शालजोडी देऊन सरकारी सत्कार झाला.

सरकारी मदत आली ती दक्षिणा फंडातून. हा फंड कोणता? पेशवाईत श्रावण महिन्यात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जायची, तिचीच ही इंग्रजी अमलात चालू राहिलेली शिल्लक. हा पैसा कुणबी-माळ्याच्या सारा-पट्टीतून यायचा आणि वेदशास्त्रसंपन्नांच्या पदरात पडायचा. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी वापरावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला! त्या वेळी अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव आपली माणसे घेऊन उभे राहिले होते. त्याच फंडातला थोडा पैसा पुढे मुलींच्या आणि महार-मांगांच्या शाळांकडे वळला. हे कोणी केलेले दान नव्हते. ज्यांच्या घामातून तो पैसा आला होता, त्यांच्याच लेकरांकडे त्याचा एक लहानसा तुकडा परत आला, एवढेच.

या शाळांनी काय साधले, याचा एकच दाखला पुरे. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्या धर्मग्रंथाला हात लावायचीही आम्हाला मनाई, तो धर्म आमचा कसा, असा त्या निबंधाचा रोख होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हा सवाल लिहावा, असे शिक्षण त्या शाळेत मिळत होते.

संस्थापक बाहेर पडतो

आणि इथेच कमिटीचा प्रश्न उभा राहतो. अशा मुलांना किती शिकवायचे? कमिटीतल्या ब्राह्मण मित्रांना लिहिणे-वाचणे आणि जुजबी हिशेब पुरेसा वाटत होता. जोतीरावांना मात्र बरे-वाईट, आपले हित-अहित स्वतः पारखता येईल असे शिक्षण हवे होते. हा मतभेद वरवर अभ्यासक्रमाचा दिसतो, पण खरा वाद सत्तेचा होता. नुसती अक्षरे शिकलेला माणूस सांगितले तसे वाचतो, पारखायला शिकलेला माणूस सांगणाऱ्यालाच प्रश्न विचारतो.

हे मित्र वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी स्वतःच्या जातीचा रोष पत्करला, जागा दिली, पैसा दिला. प्रश्न हेतूचा नाहीच. ज्यांच्यासाठी शाळा होती, त्या समाजाचा माणूस निर्णयाच्या जागी बहुमताने नव्हता, हा खरा प्रश्न आहे. त्यातच १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांची वर्गणी आटली. वर्गणीवर चालणारी शाळा वर्गणीदाराच्या मनःस्थितीवर चालते, हा धडा तेव्हाच मिळाला.

१८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी ही हकिकत अगदी थोडक्यात सांगितली आहे. शाळा आपण काढली, मग ती कमिटीच्या स्वाधीन केली, नऊ-दहा वर्षे काम केले आणि तपशील देण्याची गरज नाही अशा काही कारणांनी आपण त्यातून निघालो, असे ते सांगतात. पुढे मुलींच्या शाळा कमिटीने शिक्षणखात्याच्या हवाली केल्या. महार-मांगांची शाळा अजून आहे, पण तिची अवस्था समाधानकारक नाही, असेही ते नोंदवतात.

हे दोन शेवट शेजारी ठेवून पाहा. दोन्ही प्रकारच्या शाळा एकाच माणसाने काढल्या. मुलींच्या शाळांना वाली मिळाला. अस्पृश्यांची शाळा मात्र रखडत राहिली. कमिटीत ज्याचा आवाज नाही, त्याची शाळा सगळ्यात आधी खंगते.

शाळा काढणाराच म्हणाला, सरकारने अंग काढू नये

हंटर कमिशनसमोर एक मोठा विषय होता: सरकारने शाळा-कॉलेजे स्वतः चालवावीत, की अनुदान देऊन खासगी संस्थांच्या हाती सोपवावीत? १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची वाट आधीच मोकळी केली होती.

जोतीरावांनी स्वतः लोकवर्गणीच्या शाळा चालवल्या होत्या. तरी, किंबहुना म्हणूनच, त्यांनी सरकारने शिक्षणातून अंग काढू नये असे ठामपणे मांडले. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि वेगवेगळ्या धर्म-जातींच्या देशात जो तटस्थपणा लागतो तो धोक्यात येईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. शिवाय, सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरकारला तोंडावर सुनावले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, त्यांना किमान १२ रुपये पगार द्या, अशा त्यांच्या नेमक्या मागण्या होत्या.

आज 'समाजाने स्वतःच्या शाळा काढाव्यात, सरकारकडे काय मागता?' असे सांगणारे फुल्यांचेच नाव घेतात. त्यांनी हे निवेदन एकदा वाचावे.

अध्यक्ष पाहुणे, कारभार घरचा

फुल्यांच्या कमिटीचा अनुभव बाबासाहेबांनी कसा पचवला होता, हे त्यांच्या संस्थांच्या रचनेत दिसते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. नावाजलेले वकील, सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ. पण प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते आणि चिटणीस होते सीताराम नामदेव शिवतरकर. हितचिंतकांना मान, पण निर्णय आपल्या लोकांच्या हाती. सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शाळेपेक्षा आधी वसतिगृह का? कारण खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात खोली कोण देणार होते?

सरकारी पैशाचा हक्कही बाबासाहेबांनी सोडला नाही. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी साधे गणित मांडले: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. लोकांच्या दारूतून जितके घेता, तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही मागणी होती.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची नोंदणी झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. सुरुवात लष्करी बराकींत झाली, पुढे फोर्टात संस्थेच्या स्वतःच्या इमारती झाल्या. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी भरायचे. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. प्रवेश सर्व जातींना होता, शिक्षकही सर्व जातींचे होते. पैसा उभा राहिला तो सरकारी अनुदान, सरकारी कर्ज, फी आणि देणग्या अशा अनेक वाटांनी. नोंदणीकृत संस्था, स्वतःची जमीन आणि एकाच दात्यावर न विसंबणारा पैसा या तीन गोष्टी फुल्यांच्या शाळांपाशी नव्हत्या. बाबासाहेबांनी त्या आधी उभ्या केल्या.

वारसा आणि वारसदार

पण इतिहास इथे थांबवला तर तो आरती होईल. बाबासाहेबांच्या पश्चात या संस्थेच्या कारभारावरून गट पडले, वाद धर्मादाय आयुक्तांपुढे आणि न्यायालयांत गेले, हे चळवळीत कोणापासून लपलेले नाही. कमिटी आपल्या लोकांची झाली म्हणून प्रश्न संपत नाही. ती कमिटी कोणाला उत्तर देते, हा पुढचा प्रश्न आहे.

बाहेरचे चित्र तर आणखी भीषण आहे. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले गेले आणि शिक्षणसम्राटांची पिढी तयार झाली. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार जनतेच्या तिजोरीतून जातो, पण नेमणूक संस्थाचालकाच्या दिवाणखान्यात ठरते. बिंदुनामावली कागदावर राहते. धर्मादाय ट्रस्टमध्ये आजोबा अध्यक्ष, मुलगा सचिव, सून खजिनदार. पेशव्यांच्या दक्षिणेत आणि यात फरक काय? पैसा रयतेचा, वाटणारे हात ठरावीक घरांचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमधून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. लढलो म्हणून तो रद्द झाला.

मग तरुण कार्यकर्त्यांनी काय करावे? घोषणांबरोबर कागद हाती घ्यावेत. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. परिशिष्ट एकचा उतारा काढला की विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती हे कळते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला का, मंजूर झाला का, हे पाहता येते. दर वर्षीचे लेखापरीक्षण बंधनकारक आहे. ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला माहितीच्या अधिकारात बिंदुनामावली मागता येते. आणि हे सगळे आधी आपल्या विहारांच्या, वसतिगृहांच्या, आपल्या माणसांनी चालवलेल्या शाळांच्या बाबतीत करावे. आपल्या संस्थेत सभासद नोंदणी खुली आहे का? निवडणूक वेळेवर होते का? कमिटीत बायका किती? जमाखर्च वस्तीसमोर वाचला जातो का? आपल्याच घरात हे विचारायची तयारी नसेल, तर शिक्षणसम्राटांना विचारण्याचा आपला आवाज लुळा पडतो.

जोतीरावांना आपली शाळा सोडावी लागली, कारण तिथे त्यांच्या बाजूने हात वर करणारे पुरेसे लोक नव्हते. आज ते लोक आहेत, शिकलेले आहेत, हिशेब वाचू शकतात. शिका आणि संघटित व्हा, हे सांगून बाबासाहेब गेले. कमिटीची खुर्ची आणि जमाखर्चाची वही या त्याच संघर्षाच्या जागा आहेत. तिथे आपण बसलो नाही, तर दुसरे कोणी तरी बसेल, आणि शाळेच्या दारावरची फुले-आंबेडकरांची नावे तेवढी आपल्या वाट्याला उरतील.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!