फ्री एजंटचे मोल

बेसबॉलमधला फ्री एजंट म्हणजे करार संपलेला आणि कोणत्याही संघाशी नव्याने बोलणी करायला मोकळा असलेला खेळाडू. त्याला घ्यावे का, किती वर्षांसाठी आणि किती पैशांत, हा हिशेब आज अमेरिकेतला प्रत्येक व्यावसायिक संघ मांडतो. या हिशेबाचे वय मात्र जेमतेम पन्नास वर्षे आहे. त्याआधी जवळजवळ शतकभर या खेळाडूंना बाजारच नव्हता.

1879 मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसात ठरवले, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पाचांचे पुढे सगळेच झाले. ‘राखीव कलमा’मुळे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. संघ त्याला विकू शके, अदलाबदलीत देऊ शके. खेळाडूपुढे खेळ सोडण्यापलीकडे मार्ग नसे. सेंट लुइसच्या कर्ट फ्लडने 1969 मध्ये फिलाडेल्फियाला जायचे नाकारले, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1972 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्या लढ्यात गेली. नंतरच्या प्रत्येक मोठ्या करारावर त्याचे ऋण आहे.

बाजाराची पहिली चुणूक 1974 च्या अखेरीस दिसली. ओकलंडच्या मालकाने करारातली एक अट पाळली नाही, म्हणून लवाद पीटर साइट्झ यांनी गोलंदाज कॅटफिश हंटरला मोकळे केले. वर्षाला 1 लाख डॉलर मिळवणाऱ्या हंटरला न्यूयॉर्क यांकीजने पाच वर्षांसाठी 30 लाखांहून अधिक डॉलर दिले. खेळाडूची किंमत आणि त्याचा पगार यांत केवढी दरी होती, ते एका व्यवहारात उघड झाले. 23 डिसेंबर 1975 रोजी साइट्झ यांनीच मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या दाव्यात निकाल दिला, की राखीव कलम एकाच वर्षापुरते लागू होते.

त्यानंतरची तडजोड सर्वांत महत्त्वाची. सगळेच खेळाडू दरवर्षी मोकळे झाले तर पुरवठा वाढून भाव पडेल, हे खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी नेमके हेरले होते. म्हणून 1976 मध्ये सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक, ही अट संघटनेने मान्य केली. बाजारात माल थोडा आणि गिऱ्हाइके अनेक, अशी स्थिती त्यातून तयार झाली.

खेळाडूचे मोल मोजण्याची रीत अर्थशास्त्रातून आली. जेराल्ड स्कली यांनी 1974 च्या निबंधात दोन पायऱ्या मांडल्या: खेळाडूच्या कामगिरीमुळे संघाचे विजय किती वाढतात आणि वाढलेल्या विजयांमुळे उत्पन्न किती वाढते. खेळाडूंच्या हाती आपल्या कमाईचा लहानसाच वाटा पडत होता, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. पुढे बिल जेम्स आणि इतर अभ्यासकांनी पहिली पायरी पक्की केली. सुमारे दहा धावा म्हणजे एक विजय, असे ठोकताळे बसले. खेळाडूची तुलना सरासरीशी न करता, किमान पगारावर सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूशी होऊ लागली. त्या तुलनेतून निघणाऱ्या जादा विजयांचा आकडा म्हणजे ‘वॉर’. फ्री एजंटांवरचा एकूण खर्च त्यांच्याकडून अपेक्षित विजयांनी भागला, की एका विजयाचा बाजारभाव मिळतो.

हा भाव सर्वांना सारखा लागू पडत नाही. 75 विजयांवरून 78 वर जाणाऱ्या संघाच्या हाती फारसे लागत नाही; 88 वरून 91 वर जाणारा बाद फेरी गाठू शकतो. शिवाय ही लिलावासारखी बोली असते आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याच्याच पदरी खेळाडू पडण्याचा धोका असतो.

सर्वांत अवघड बाब वयाची. फलंदाजाचा बहर साधारण सत्ताविशीच्या आसपास असतो, पण सहा वर्षांच्या अटीमुळे बहुतेक जण तिशीच्या उंबरठ्यावर मोकळे होतात. झालेल्या कामगिरीवर भाव ठरतो, मिळतो तो उताराचा काळ. डिसेंबर 2011 मध्ये आल्बर्ट पुहोल्सला एंजल्स संघाने दहा वर्षांसाठी सुमारे 24 कोटी डॉलर कबूल केले, तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता आणि आधीच्या कार्डिनल्स संघाकडचा त्याचा दर्जा तिथे पुन्हा दिसला नाही. याउलट डिसेंबर 2024 मध्ये मेट्सने हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर दिले. एकोणिसाव्या वर्षीच मोठ्या लीगमध्ये उतरल्यामुळे तो 26 व्या वर्षी मोकळा झाला होता. म्हणजे त्या रकमेत बहराची काही वर्षेही येत होती.