डॉक्टरांनी मत का बदललं? एका हट्टी जंतूचा इतिहास

"हे डॉक्टर लोक दर पाच-दहा वर्षांनी मत बदलतात, मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर?" कोविडपासून हे वाक्य मी कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सगळीकडे ऐकतोय. प्रश्न चुकीचा नाही. पण मत बदललं एवढं बघून थांबायचं नसतं, ते का बदललं आणि बदलायला इतका वेळ का लागला, हे बघायचं असतं. त्यासाठी एका जंतूची गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. डॉक्टर मंडळी त्याला नुसतं सी. डिफ म्हणतात. 1935 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात हॉल आणि ओटूल या दोन संशोधकांना तो अगदी ठणठणीत तान्ह्या बाळांच्या शी-मध्ये सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड गेला, म्हणून लॅटिनमध्ये नावच 'अवघड' असं पडलं. पुढे चाळीस वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

मग 1974 मध्ये सेंट लुईसच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या 200 रुग्णांवर लक्ष ठेवलं. 42 जणांना जुलाब लागले आणि 20 जणांच्या मोठ्या आतड्याला सूज येऊन आतून पापुद्रे धरले होते. आजार बरा करायला दिलेल्या औषधानंतर नवाच आजार! 1978 मध्ये जॉन बार्टलेट आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगार पकडला. तो हाच, डेन्व्हरचा अवघड जंतू.

हा पुन्हा पुन्हा का उलटतो, ते शेतकऱ्याला लगेच कळेल. रानात तणनाशक मारलं, पीक आणि तण दोन्ही जळालं, तर पहिल्या पावसात आधी काय उगवतं? लव्हाळा. कारण त्याच्या गाठी जमिनीत शाबूत असतात. सी. डिफचंही तसंच. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मरतात, याचे बीजाणू मात्र कडक कवचात टिकून राहतात. औषध थांबलं की रान मोकळंच असतं. एकदा बरं झालेल्या साधारण पाचातल्या एकाला आजार उलटतो. एकदा उलटला की पुन्हा उलटण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणजे आजार अँटिबायोटिकमुळे, त्यावर उपाय दुसरं अँटिबायोटिक, आणि त्यामुळे रान परत मोकळं.

आता उपचारांचा इतिहास. सुरुवातीला व्हँकोमायसिन तोंडाने द्यायचे. लागू पडायचं, पण महाग. दुसरीकडे मेट्रोनिडाझोल होतं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. हो, तेच, आपल्याकडे पोट बिघडलं की ज्याची पट्टी ड्रॉवरमधून निघते. 1983 मध्ये मिनियापोलिसला शंभराच्या आसपास रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. ठळक फरक दिसला नाही. मग स्वस्त ते का नको? त्यात व्हँकोमायसिनला दाद न देणारे जंतू रुग्णालयांत पसरू लागले. म्हणून 1995 मध्ये अमेरिकी सरकारच्या तज्ज्ञांनी सांगितलं, सी. डिफसाठी व्हँकोमायसिन पहिल्या फटक्यात वापरू नका. मेट्रोनिडाझोल पहिल्या नंबरवर पक्कं झालं.

लक्षात घ्या, हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. हातात पुरावा तेवढाच होता, पैसे वाचत होते आणि एक मोठं औषध पुढच्यासाठी राखलं जात होतं. पण 'ते जास्त गुणकारी आहे' असं त्या निर्णयामागचं कारण कधीच नव्हतं, आणि पुढे सगळे नेमकं हेच विसरले.

2003 च्या सुमारास कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सी. डिफचा जास्त घातक वाण पसरला आणि वयस्कर रुग्ण मोठ्या संख्येने दगावले. 2007 मध्ये शिकागोच्या 150 रुग्णांच्या अभ्यासात गंभीर रुग्णांपैकी व्हँकोमायसिनने 97 टक्के बरे झाले, मेट्रोनिडाझोलने 76 टक्के. तरी 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य आजाराला मेट्रोनिडाझोलच राहिलं. 2014 मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि मेट्रोनिडाझोल एकूणातच कमी पडतं, हे उघड झालं. अखेर 2018 मध्ये छापलेल्या सूचनांनी त्याला पहिल्या नंबरवरून उतरवलं. 2021 मध्ये पहिली पसंती फिडॅक्सोमायसिनला मिळाली. व्हँकोमायसिनपेक्षाही महाग, पण चांगल्या जंतूंना कमी मारतं, त्यामुळे आजार कमी वेळा उलटतो. म्हणजे 2007 च्या आकड्यांपासून सूचना पूर्ण बदलायला अकरा वर्षं लागली.

आता खरी गंमत. लव्हाळ्यावरचा एक उपाय 1958 पासून माहीत होता: रानात पुन्हा पीक लावा! डेन्व्हरमध्येच (हो, परत डेन्व्हर) सर्जन बेन आयझमन यांनी आतड्याच्या अशाच भयंकर आजाराच्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला. चौघे बरे झाले. नाक मुरडू नका, तत्त्व आपल्या विरजणाचंच आहे. चांगले जंतू थोडे घाला, ते आपोआप वाढतात. (म्हणून दही खाऊन सी. डिफ बरा होतो असं मात्र नाही.)

या उपायाची रीतसर चाचणी कधी व्हावी? 2013 मध्ये निकाल आला, 55 वर्षांनी. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आजार उलटलेल्या रुग्णांना नळीवाटे निरोगी दात्याच्या विष्ठेचं द्रावण दिलं. 16 पैकी 15 बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. फरक इतका मोठा होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मध्ये 55 वर्षं का गेली? किळस हे एक कारण. पण माझ्या मते दुसरं कारण मोठं आहे. विष्ठेचं पेटंट कोण घेणार? जी गोष्ट विकता येत नाही, तिच्या चाचणीवर पैसा कोण लावणार? आज तिचीच प्रक्रिया करून तयार उत्पादनं निघाली. अमेरिकेत 2022 मध्ये एकाला आणि 2023 मध्ये कॅप्सूलच्या रूपातल्या दुसऱ्याला मंजुरी मिळाली. तपासण्या हव्यातच. 2019 मध्ये दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा जंतू गेल्यामुळे एक रुग्ण दगावला होता. त्यामुळे घरगुती प्रयोगाचा विचारही करू नका.

तर मंडळी, डॉक्टरांनी मत बदललं म्हणून मला राग येत नाही. पुरावा बदलला तर मत बदलायलाच हवं. राग येतो तो उशिराचा. पुढच्या वेळी कुठलीही सरकारी सूचना, योजना, नियम बदलला की हे तीन प्रश्न विचारा. आधीचा निर्णय पुराव्यावर होता की किमतीवर? नवा पुरावा कधी आला होता? मधल्या काळाची किंमत कुणी मोजली? सी. डिफच्या बाबतीत ती बहुतेक करून रुग्णालयात पडलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मोजली.

आणि आपल्याकडची गोष्ट. मार्च 2014 पासून आपल्या देशात शेड्यूल एच-1 लागू आहे, काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची असते. मग तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय काय काय मिळतं, ते तुम्हीच आठवा. साध्या जुलाबाला बहुतेक वेळा ओआरएस पुरतं, लहान मुलांना सोबत झिंक. अँटिबायोटिक घेताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत सतत जुलाब लागले, तर ड्रॉवरमधली पट्टी फोडू नका, डॉक्टरकडे जा आणि आधी कुठलं औषध घेतलं होतं ते नावानिशी सांगा. रुग्णालयात कुणाला भेटून आलात तर हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत.

रान मोकळं करणं सोपं असतं, पीक पुन्हा उभं करायला वर्षं जातात. घरातल्या मोठ्यांना एवढं वाचून दाखवा.