घुमटाखालचा वाडा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरताच बहुतेकांची नजर वर, घुमटाकडे जाते. ती जरा खाली आणावी. मधल्या दालनातील लाकडी खांब, कठडे आणि सज्जा हे अठराव्या शतकातील मराठा वाड्याचे अवयव आहेत. नाशिकच्या एका वाड्यातील कमानदार लाकूडकाम विकत घेऊन वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी ते नव्या इमारतीत बसवले.

विटेट यांची निवड १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून झाली. पायाभरणी मात्र त्याआधीच, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी, प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, यांच्या हस्ते उरकली होती. दगड आधी, आराखडा नंतर! इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. पण महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी रुग्णालय भरले आणि संग्रहालयाचे दार उघडायला १० जानेवारी १९२२ हा दिवस उजाडावा लागला.

कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट, मालाडचा पिवळसर दगड, घुमटाच्या आत विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरील कमानी. इंडो-सारासेनिक शैलीला उसनवारीचे वावडे नव्हतेच. वाड्याची मात्र विटेट यांनी नक्कल केली नाही. त्याचे लाकूडच उचलून आणले. पण वाडा म्हणजे लाकूड की चौक? वाड्याचा प्राण आभाळाखालच्या मोकळ्या चौकात असतो. तेथे ऊन उतरते, पाऊस पडतो, तुळस वाढते. येथे त्या आभाळाच्या जागी घुमट आहे.

परंपरेतून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न सुमारे शतकानंतर चीनमधील सुझौ शहरात आय. एम. पेई यांच्यासमोरही होता. तेथील 'सिंहवन' हे जुने उद्यान एकेकाळी त्यांच्या घराण्याच्या मालकीचे होते. २००६ मध्ये उघडलेल्या सुझौ संग्रहालयात त्यांनी जुना मंडप आणून बसवला नाही; उद्यानाची रीत घेतली. मधे पाणी, भोवती पांढऱ्या भिंती, खिडक्यांच्या चौकटींतून तुकड्यातुकड्याने उलगडणारे दृश्य. कुंपणापलीकडचे झाड वा डोंगर आपल्या बागेच्या चित्रात सामावून घेण्याला चिनी उद्यानकलेत 'उसने दृश्य' म्हणतात. पेई यांनी उत्तरेच्या भिंतीपुढे कापीव शिळा डोंगररांगेसारख्या मांडल्या. भिंतीमागे शेजारच्या मिंगकालीन उद्यानातील झाडे दिसतात. तेथे उसने घेतले ते दृश्य, वस्तू नव्हे.

रीत घेणारे पेई सरस आणि लाकूड घेणारे विटेट उथळ, असा निकाल देण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. नाशिक-पुण्यातील कितीतरी वाडे पाडले गेले, त्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत विकल्या गेल्या. हे खांब निदान उभे आहेत. शिवाय वरच्या मजल्यावरील कठड्यापाशी उभे राहून खाली पाहिले, तर दालनातील माणसे तशीच दिसतात, जशी वाड्याच्या माडीवरून चौकातली दिसत असतील.