असईच्या नदीकाठी

पानिपतला जाऊन आलेले माझ्या ओळखीत दहाजण तरी आहेत. काला आंब, फोटो, भरून आलेला गळा, सगळं ठीकच आहे. पण आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मुद्दाम गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरात मोटरसायकल काढली आणि भोकरदनमार्गे एकटाच गेलो.

आता तिथं आहे काय, तर शेतं. मका, कपाशी, काळी माती आणि दोन नद्या, केळणा आणि जुई. मी बांधावर उभा राहून फोटो काढत होतो, तर एक काका जवळ आले. "जमीन बघताय का?" म्हणाले. त्यांची चूक नाही, शहरातला माणूस शेताचे फोटो काढतो तो दुसऱ्या कशाला! लढाई बघायला आलोय म्हटल्यावर हसले आणि सोबत चालायला लागले.

२३ सप्टेंबर १८०३. केळणेच्या उत्तर काठावर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा पसरल्या होत्या. हजारो घोडदळ, कवायती पायदळाच्या पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. समोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. त्याच्याजवळ जेमतेम साडेनऊ हजार माणसं, आणि स्टीव्हनसनची दुसरी तुकडी अजून लांब. वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदीला उतार नाही. पण त्याला दिसलं की दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर वसली आहेत. समोरासमोर गावं आहेत तर येजा असणार, येजा आहे तर उतार असणारच. तिथूनच त्यानं फौज पलीकडे नेली आणि शिंद्यांच्या बाजूवर आला.

हे मी पुस्तकात चारवेळा वाचलं होतं. पण काठावर उभं राहिल्यावर कळलं की यात फार मोठी विद्या नव्हती. काकांना विचारलं, पूल नव्हता तेव्हा पलीकडे कसे जायचे? त्यांनी क्षणात बोट दाखवलं. दोन दिवस तळ ठोकून बसलेल्या एवढ्या मोठ्या फौजेनं ही गोष्ट गावातल्या कुणाला विचारली नाही, किंवा विचारून तिथं पहारा ठेवला नाही. मला राहून राहून तेच खटकत होतं.

पण म्हणून ती फौज गबाळी होती असं समजू नका. शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. इंग्रज बाजूनं येतोय म्हटल्यावर त्यानं सगळी रांग काटकोनात वळवली, एक टोक केळणेकडे, दुसरं असई गावाकडे. ऐन लढाईच्या तोंडावर असं वळणं युरोपातल्या फौजांनाही सोपं नव्हतं. मग तोफा सुरू झाल्या. असई गावाच्या रोखानं चुकून पुढे गेलेली ७४वी हायलँडर पलटण जवळजवळ संपली. इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेलं, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून मागून मारा केला. वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे कामी आले. इंग्रजांचे जवळपास सोळाशे माणसं मेले किंवा जखमी झाले, प्रत्यक्ष लढलेल्यांतला तिसरा हिस्सा तरी. म्हातारपणी त्याला विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली? त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असई म्हणाला.

आणि दौलतराव, रघूजी? पायदळ मरत असताना दोघंही घोडदळासकट निघून गेले. तीन महिन्यांत देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह झाले. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, अहमदनगर गेलं, भडोच गेलं, दिल्ली-आग्र्याकडचा दुआब गेला. आपण मराठेशाही १८१८ ला बुडाली असं पाठ करतो. मला विचाराल तर तिचा कणा १८०३ मध्येच मोडला होता.

तरी असई कुणी सांगत नाही. एक तर हरलो. दुसरं म्हणजे "आपण" कोण, हा प्रश्न इथं फार अडचणीचा होतो. वेलस्लीकडचे बहुतेक शिपाई मद्रासचे. शिंद्यांच्या पलटणीत उत्तर हिंदुस्थानातले पुरबिये, वरचे अधिकारी युरोपियन, त्यातले कित्येक लढाईआधीच इंग्रजांना मिळालेले. होळकर आलेच नाहीत. आणि आदल्या वर्षी वसईला इंग्रजांशी तह करून बसलेल्या पेशव्यांचे स्वार या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूनं. त्यांत बापू गोखले होते. तेच बापू गोखले, जे १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

रणात पडलेल्या आपल्या बाराशे माणसांचा आकडासुद्धा वेलस्लीनं लिहून ठेवलाय म्हणून आपल्याला माहीत आहे. नावं एकाचीही नाहीत. तिकडे लढलेल्या पलटणींना मात्र हत्तीचं चिन्ह आणि असईचं नाव बिल्ल्यावर मिळालं.

निघताना काकांनी विचारलं, "मग आपले कुठल्या काठाला होते?"

मी म्हटलं, "दोन्ही."

ते नदीकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पाऊस चढतोय, अंधाराच्या आत सिल्लोडचा रस्ता धरा.